योरुबा शब्दांचं मूळ शोधायचंय? सुरुवात इथून करा

योरुबा भाषेत वडिलांना 'बाबा' म्हणतात. मराठी माणसाच्या कानावर हे पहिल्यांदा पडलं की तो हरखतो. नायजेरियाच्या नैर्ऋत्येला, शेजारच्या बेनिन आणि टोगोमध्ये कोट्यवधी लोक ही भाषा बोलतात, आणि त्यांचा बाबा आपल्या बाबासारखाच! पण या शब्दावरून दोन भाषांचं नातं सिद्ध होत नाही. बाळाच्या तोंडून सगळ्यात आधी ओठांचे आवाज निघतात, ब, प, म. जगभरच्या आईबापांनी ते स्वतःच्या नावावर जमा करून घेतले आहेत. म्हणून बाबा, मामा, पापा असले शब्द पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे.

मग नातं कशावरून ठरतं? दोन शब्द सारखे दिसतात यावरून नाही. ते एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा वेगळे पडतात का, यावरून. हे एकदा समजलं की पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांकडे बघायची दृष्टीच बदलते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी : सूर कानात बसवा

योरुबा रोमन लिपीत लिहितात, पण काही अक्षरांखाली टिंब देतात. 'ई' या रोमन अक्षराखाली टिंब असेल तर उच्चार 'बॅट'मधल्या स्वराजवळ जातो, 'ओ'खाली टिंब असेल तर 'कॉट'मधल्या स्वराजवळ, आणि 'एस'खाली टिंब म्हणजे श. आपल्याकडे ॲ आणि ऑ ही चिन्हं असल्याने हा फरक देवनागरीत सहज दाखवता येतो, आणि या लेखात तसाच दाखवला आहे. शेवटच्या स्वरावर अनुस्वार दिसला तर तो नाकातून म्हणायचा, न म्हणून थांबायचं नाही. 'ग्ब'मध्ये ग आणि ब एका दमात फुटतात. साधा दिसणारा रोमन 'पी' हा खरं तर क आणि प एकत्र असतो.

खरी मेहनत सुरांची आहे. योरुबात तीन सूर आहेत, खालचा, मधला आणि वरचा. योरुबा शिक्षक ते दो-रे-मी म्हणून शिकवतात, आपण सा-रे-ग म्हणू. आता 'ऑकॉ' हा शब्द घ्या. रे-रे म्हटलात तर नवरा. रे-ग म्हटलात तर कुदळ. रे-सा म्हणजे गाडी किंवा होडी, आणि सा-सा म्हणजे भाला. 'ऑकॉ दे' म्हणजे 'गाडी आली' की 'नवरा आला', ते फक्त शेवटच्या सुरावर ठरतं. 'इग्बा'चंही तसंच: रे-ग म्हणजे भोपळ्याचं भांडं, रे-रे म्हणजे दोनशे, सा-सा म्हणजे वेळ.

सूर टिपल्याशिवाय लिहून घेतलेला योरुबा शब्द तुलनेच्या कामाचा नाही. मोबाइलवरच्या संदेशांत, वर्तमानपत्रांतसुद्धा पुष्कळदा सुरांच्या खुणा गाळलेल्या असतात. म्हणून शब्द मिळाला की तो शब्दकोशात सुरासकट तपासायचा, आणि मगच वहीत घ्यायचा. 'कू' वरच्या सुरात म्हणजे मरणं, खालच्या सुरात म्हणजे शिल्लक राहणं. एवढ्या दोन शब्दांची गल्लत झाली तरी पुढची सगळी तुलना वाकडी जाते.

दुसरी पायरी : शेजारच्या भाषेत जाण्याआधी शब्द आतून उकला

योरुबा नामं बहुतेक वेळा स्वराने सुरू होतात, आणि तो स्वर पुष्कळदा धातूला पुढून चिकटलेला असतो. 'कू' मरणं, 'इकू' मृत्यू. 'फॅ' हवंसं वाटणं, 'इफॅ' प्रेम. म्हणजे दुसऱ्या भाषेशी ताडताना नामाचा पहिला स्वर सोडून उरलेला गाभा बघायचा.

दुसरी सवय लावायची ती जोड ओळखायची. 'ओनी' म्हणजे आपल्या 'वाला'सारखा शब्द, फक्त पुढे लागणारा. 'इले' म्हणजे घर, म्हणून 'ओनिले' घरमालक. पण 'आशॉ' म्हणजे कापड, त्याला 'ओनी' लावलं की 'ओन्याशॉ' होत नाही, 'आलाशॉ' होतं, म्हणजे कापडवाला. 'ॲजा' म्हणजे मासा, मासे विकणारी 'ॲलॅजा'. 'ऑजा' म्हणजे बाजार, म्हणून 'ऑलॉजा'. दोन गोष्टी घडल्या: पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वराने 'ओनी'चे स्वर आपल्यासारखे करून घेतले, आणि न चा ल झाला. योरुबात न आणि ल ही जणू एकाच आवाजाची दोन रूपं आहेत. हे ध्यानात ठेवा, पुढे चार या आकड्याशी आलो की त्याची गरज लागणार आहे.

उकलायला शिकण्यासाठी माणसांची आणि गावांची नावं उत्तम. योरुबा नाव म्हणजे पुष्कळदा अख्खं वाक्य असतं. बाबातुंदे: 'बाबा' वडील, 'तुं' पुन्हा, 'दे' आले. आजोबा वारल्यानंतर घरात जन्मलेल्या मुलाला हे नाव ठेवतात. आयॉदेले: 'आयॉ' आनंद, 'दे' आला, 'इले' घर. जुळ्यांमध्ये आधी बाहेर येतो तो ताइवो, 'जगाची चव घेऊन बघ' असं ज्याला सांगितलं तो. मागून येतो तो केहिंदे, आणि योरुबा घरांत हाच थोरला मानतात, कारण धाकट्याला पुढे पाठवून जग कसं आहे ते बघायला लावणारा तो! गावांत आबेओकुता बघा: 'आबॅ' म्हणजे खाली, 'ओकुता' म्हणजे दगड. 1830 च्या सुमारास एग्बा लोक ओलुमो खडकाच्या आसऱ्याला येऊन राहिले, आणि ते गावाच्या नावातच आहे. इबादान म्हणजे 'ॲबा ऑदां', गवताळ रानाची कड.

नव्या वस्तूंची नावंही अशीच घडतात. संगणकाला 'ॲरॉ आयाराबियाशा' म्हणतात: 'ॲरॉ' यंत्र, आणि पुढचा शब्द म्हणजे 'ससाण्यासारखा चपळ'. रेडिओला 'आसॉरॉमाग्बेसी', म्हणजे जो बोलतो पण उत्तर ऐकून घेत नाही. आकाशवाणी हा शब्द ज्यांनी मनापासून वापरला त्यांना या घडणीतला आनंद कळेल. असा लांबलचक शब्द दिसला की तो उसना असेल असं लगेच समजू नका. आधी फोडून बघा.

तिसरी पायरी : पाहुणे ओळखा

इथे थोडं रेंगाळू, कारण मराठी वाचकाला या पायरीवर जी मजा येते ती दुसऱ्या कुणाला येणार नाही.

योरुबात जोडाक्षरं जवळजवळ नाहीत, आणि शब्द व्यंजनावर संपत नाही. बाहेरून आलेला शब्द या साच्यात बसवताना मध्ये स्वर भरावे लागतात. अरबीत कांद्याला 'अल-बसल' म्हणतात. तो उत्तरेच्या शेजाऱ्यांच्या हौसा भाषेत 'अल्बासा' झाला आणि योरुबात आला तेव्हा 'आलुबॉसा'. ल आणि ब यांच्या मध्ये उ घातला तेव्हा कुठे शब्द जिभेवर बसला. इंग्रजी 'ब्रेड'चं 'बुरॅदी' झालं, 'चर्च'चं 'शॉशी'.

ओळखायच्या खुणा अशा: शब्द व्यंजनाने सुरू होतो, पण नाम आहे. लांब आहे, पण फोडता येत नाही. मधला एखादा स्वर नुसता भरणीचा वाटतो. किंवा पहिलाच स्वर वरच्या सुरात आहे, कारण अस्सल सुट्या नामाचा पहिला स्वर रे किंवा सा असतो, ग नसतो. यातली एक खूण पुरत नाही, दोन-तीन जमल्या तर शब्द पाहुणा असण्याची शक्यता दाट.

आता पुढचे शब्द मोठ्याने वाचा. वेळ किंवा तास, 'वाकाती'. कारण, 'साबाबी'. धीर, 'सूरू'. दिवा, 'फितिला'. आशीर्वाद, 'आलुबारिका'. प्रार्थना, 'आदुरा'.

काही ऐकू आलं का? वाकाती म्हणजे अरबी 'वक्त', आपला वखत. साबाबी म्हणजे 'सबब', आणि आपली सबब तर जशीच्या तशी आहे. सूरू म्हणजे 'सब्र', त्यातला ब गळून गेला. शिर्डीच्या 'श्रद्धा आणि सबुरी'तली सबुरी तीच. फितिला म्हणजे 'फतीला', वात. फारसीत त्यातली अक्षरं उलटसुलट होऊन फलीता झाला आणि मराठीत पलिता. आलुबारिका म्हणजे 'अल-बरका', आपली बरकत, आणि आदुरा म्हणजे दुवा.

तेव्हा मराठी आणि योरुबा यांच्यात दुवा आहे, पण तो रक्ताचा नाही. एकाच गावाहून निघालेली दोन पत्रं दोन टोकांना पोचावीत तसं हे झालं. मराठीकडे हे शब्द फारसीच्या वाटेने, दरबार आणि कचेऱ्यांतून आले. योरुबाकडे ते सहारा ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर, मुसलमान पंडितांबरोबर, सोंघाय आणि हौसा या भाषांना शिवून आले. खुद्द 'योरुबा' हे नावसुद्धा उत्तरेच्या शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. हौसा लोक ओयोच्या राज्यातल्या माणसांना उद्देशून ते वापरत, सगळ्या समाजासाठी ते नंतर रूढ झालं.

चौथी पायरी : सख्ख्या बहिणीपासून सुरुवात करा

आधी घरचं उदाहरण. हिंदी बीस, मराठी वीस. बाघ, वाघ. बिच्छू, विंचू. बेल, वेल. हिंदीत ब आहे तिथे मराठीत व. एका जोडीवरून काही ठरलं नसतं, पण तोच फरक शब्दामागून शब्दात निघतो तेव्हा शंका उरत नाही. योरुबाच्या बाबतीत नेमकं हेच शोधायचं आहे.

योरुबाची जवळची बहीण इगाला. नायजर आणि बेन्वे या नद्या मिळतात त्या भागात, नायजरच्या पूर्वेला ती बोलतात. दुसरी बहीण इत्सेकिरी, दक्षिणेला खाडीच्या मुलखात. इगालाचे आकडे योरुबाशेजारी मांडून बघा:

दोन : एजी – एजी
तीन : ॲता – ॲता
चार : ॲरिं – ॲलॅ
पाच : आरूं – ॲलू
सहा : ॲफा – ॲफा
सात : एजे – एब्ये
आठ : ॲजॉ – ॲजॉ
नऊ : ॲसां – ॲला
दहा : ॲवा – ॲग्वा

दोन, तीन, सहा, आठ सारखेच आहेत, त्यांच्याकडे बघून मान डोलवायला हरकत नाही. पण कामाच्या ओळी आहेत त्या चार, पाच आणि नऊच्या. योरुबात या तिन्ही शब्दांचा शेवटचा स्वर नाकातला आहे, इगालात तिन्ही ठिकाणी तो साधा आहे. शिवाय चार आणि पाचमध्ये योरुबाच्या र समोर इगालात ल येतो. नऊमध्ये मात्र स समोर ल आहे, म्हणजे त्याची कथा निराळी. तिला या नियमात कोंबायचं नाही, वहीत प्रश्नचिन्ह करून ठेवायचं. दहामध्ये व समोर ग्व दिसतो. ही एकच जोडी झाली. तुमचं पहिलं काम म्हणजे व ने सुरू होणारे योरुबा धातू घेऊन त्यांचे इगाला अर्थबंधू शोधणं आणि तिथेही ग्व निघतो का ते बघणं.

बहिणीकडे जाण्याआधी घरातल्या बोलीही चाळा. कोनफळाच्या जातीचा जो कंद तिकडचं मुख्य अन्न आहे, त्या यामला प्रमाण योरुबात 'इशु' म्हणतात, इगालात 'उचु'. पहिला स्वर जुळत नाही असं वाटतं. पण प्रमाण योरुबात नाम उ ने सुरूच होत नाही, आणि एकितीच्या बोलीत ते होतं: तिथे घर 'उले' आणि याम 'उशु'. म्हणजे इगाला आणि एकिती यांनी जो उ सांभाळला तो प्रमाण भाषेत इ झाला. फक्त शब्दकोशातल्या प्रमाण रूपावर विसंबलं असतं तर हे हातातून निसटलं असतं.

पाचवी पायरी : पुढच्या वर्तुळात जा, पण मोजक्या शब्दांनी

दूरच्या नात्यासाठी शब्द निवडावे लागतात. राजाची नावं, देव, बाजार, खाणं, कापड हे सगळं गावोगाव फिरतं. राजाला योरुबात 'ऑबा' म्हणतात आणि नायजेरियातल्याच बेनिन शहराच्या (बेनिन देशाच्या नव्हे) एदो भाषेतही 'ऑबा'. दोन्ही राजघराण्यांचा जुना संबंध लक्षात घेता एवढ्यावरून भाषेचं नातं मांडता येत नाही. सोललेली चवळी वाटून पाम तेलात तळलेले वडे, 'आकारा', शेजारच्या इग्बो भाषेतही आकाराच आहेत. गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ते ब्राझीलच्या साल्वादोरपर्यंत गेले आणि तिथे 'आकारजे' झाले, शेवटचा 'जॅ' म्हणजे योरुबातलं 'खाणं'. वडा एवढा प्रवास करतो, म्हणून तो नात्याचा साक्षीदार होऊ शकत नाही. लहान आकडे, कान, तोंड, मरणं, खाणं हे शब्द सहसा घर सोडत नाहीत, म्हणून त्यांच्यावर भर.

तीन: योरुबा 'ॲता', इग्बो 'आतॉ', एवे 'एतॉं', एफिक 'इता', आणि थेट पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली 'तातु'. त सगळीकडे पाय रोवून उभा आहे. एदोत मात्र 'एहा'. त चा ह झाला काय? कान बघू: योरुबा 'एती', इग्बो 'न्ती', एदो 'एहॉ'. पुन्हा त समोर ह. दोन साक्षीदार मिळाले, तिसरा मिळेपर्यंत निकाल द्यायचा नाही, पण वाट बरोबर आहे एवढं कळतं.

चार: इग्बो 'आनॉ', एदो 'एने', एवे 'एने', अकान 'अनां', स्वाहिली 'न्ने'. सगळीकडे न, आणि योरुबात 'ॲरिं'. न गेला कुठे? शेवटचा स्वर नाकातला आहे तो उगीच नाही. जुन्या न ची आठवण त्या स्वरात राहिली आहे, आणि इगालाच्या 'ॲलॅ'त ल उरला. न आणि ल यांची अदलाबदल आपण आलाशॉमध्ये पाहिलीच आहे.

मरणं: योरुबा 'कू', फॉन आणि एवे 'कू'. स्वाहिलीत 'कुफा'. इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्याला कुफातला 'कु' ओळखीचा वाटतो, पण तो 'कु' म्हणजे आपल्या 'णे'सारखा क्रियापदाचा प्रत्यय, फक्त पुढे लागणारा. धातू आहे 'फा'. मग नातं नाही का? आहे. स्वाहिली ज्या बांटू कुळातली, त्या कुळाच्या जुन्या भाषेत हा धातू 'कू' होता, आणि त्या विशिष्ट ऊ च्या आधीचा क स्वाहिलीत फ होतो. हाडाला जुना शब्द 'कूपा', तोच स्वाहिलीत 'म्फुपा'. ओळखीचा 'कु' खोटा निघाला आणि अनोळखी 'फा' सख्खा. माझ्या मते या विषयात पहिल्या आठवड्यातच शिकायचं उदाहरण कुठलं असेल तर हे.

फसायच्या जागा

हौसा शेजारीण आहे, बहीण नाही. ती अरबी आणि हिब्रूच्या लांबच्या कुळातली. तीनला हौसात 'उकु' म्हणतात. योरुबा-हौसा सारखे शब्द दिसले की आधी उसनवारीच तपासायची.

'बाता' म्हणजे योरुबात पादत्राण, सा-सा. बाटा कंपनी आठवणं साहजिक आहे, पण ते आडनाव आहे. आजच्या चेकियातल्या झ्लीन गावी 1894 मध्ये त्या कुटुंबाने कारखाना काढला, योरुबातला शब्द त्याच्याही आधीचा. आणि सा-ग म्हटलात तर तो शब्द शांगो देवाचा ढोल होतो.

एकोणीसला योरुबात 'ऑकांदिंलोगुं' म्हणतात, म्हणजे वीसला एक कमी. अगदी आपलं एकोणीस! चाळीस 'ओगोजी', दोन विसा. साठ 'ऑगॉता', तीन विसा. आपल्या खेड्यांतली विसांची मोजणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे घरचं वाटेल. पण हातापायांची बोटं सगळ्यांना वीसच. मोजण्याची रीत सारखी असणं हे शब्दांचं नातं नव्हे.

एकमेकांना भेटताना योरुबा लोक 'ॲ कू' म्हणतात. काम करणाऱ्याला 'ॲ कू इशॅ'. यातल्या 'कू'ला मरणाशी जोडू नका, हा शब्द निराळा.

आणि कुणी योरुबाचे शब्द थेट प्राचीन इजिप्तशी जोडून दाखवले तर घाईने मान डोलवू नका. 1948 मध्ये असा एक ग्रंथच निघाला होता. भाषाशास्त्रात ते टिकलं नाही, कारण आवाजांचे फरक नियमाने जुळत नव्हते. आपल्याकडे व्हॅटिकनची वाटिका करतात, त्यातलाच हा प्रकार.

स्थळनामांतही सावध राहा. लागोसचं योरुबा नाव 'एको'. बहुतेक अभ्यासक ते एदोतल्या लष्करी तळाच्या शब्दापासून काढतात, काही जण योरुबातल्या 'ओको'पासून, म्हणजे शेतापासून. वहीत दोन्ही लिहायचं.

हाताशी काय ठेवावं

आर. सी. अब्राहम यांचा 1958 चा योरुबा शब्दकोश सुरांच्या खुणांसाठी अजून कामाचा आहे. नावांसाठी कोला तुबोसुन यांनी सुरू केलेला योरुबा नावांचा ऑनलाइन कोश बघा, नाव फोडून दाखवलेलं असतं. जुनी पुस्तकं चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या 1963 च्या वर्गीकरणात योरुबा 'क्वा' गटात आहे, नंतरच्या अभ्यासकांनी ती बेन्वे-काँगो गटात हलवली. पुस्तकापुस्तकांत नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका.

वहीत दर शब्दाला सहा रकाने पुरतात: शब्द सुरासकट, अर्थ, आतून फोड, शेजारच्या भाषांतली रूपं, फरकाचा नियम, आणि उसना असल्याची शंका. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. 'शंका नाही' असं लिहायचं असेल तर तेही कारण देऊन लिहा.

सॅम्युएल आजायी क्राउथर यांचा जन्म योरुबा मुलखातला. 1821 मध्ये कोवळ्या वयात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांना पकडलं, पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने जहाज अडवून सोडवलं आणि सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला उतरवलं. 1843 मध्ये त्यांनी आपल्या भाषेचा शब्दसंग्रह छापला. त्याच फ्रीटाउनमध्ये सिगिस्मुंड कोले हा जर्मन मिशनरी अशाच सुटून आलेल्या माणसांकडून शब्द टिपत बसला. जवळपास 280 शब्द, शेकडोंनी बोली, आणि सांगणाऱ्यांची नावंसुद्धा, कोण कुठला, कसा पकडला गेला. 1854 मध्ये लंडनमध्ये छापलेला तो संग्रह आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. योरुबाच्या बोली त्याने 'आकू' या नावाखाली एकत्र ठेवल्या आहेत, त्याच 'ॲ कू' या अभिवादनावरून.

आकडे सुरुवातीच्या पानांवरच आहेत. 'तीन' काढा, आकूच्या रांगेवर बोट ठेवा आणि हळूहळू खाली सरकत जा. त कुठे टिकतो आणि कुठे बदलतो ते एका कागदावर उतरवत चला. शेजारच्या रकान्यात ज्याने तो शब्द सांगितला त्याचं गावही लिहा.